इंदूचं पुढं काय झालं

परवा माझ्या भाचेसुनेनं मला बळेच एका कार्यक्रमाला नेलं. "आत्या, तुम्ही शाळेत शिकवलंय, तुम्ही दोन शब्द बोललात तर बरं दिसेल," म्हणाली. मी म्हटलं, येते बाई. बुऱ्हाणपूरला भावाच्या घरी चार दिवस राहायला आलेल्या म्हातारीला दुसरं काम तरी काय असतं? रिक्षा राजपुऱ्यातून दोन वळणं घेऊन थांबली, मी उतरले, आणि दगडी पायऱ्यांवर पाय ठेवला तशी माझ्या अंगावर काटा आला. हे तर आमच्या गावातलं जुनं वाचनालय! आता तिथं वर कसले तरी कोचिंग क्लास चालतात आणि खालचा हॉल भाड्यानं देतात. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, फिनेलचा वास, कोपऱ्यात समोशांचे खोके. भिंतभर हिंदी बॅनर लावलेला: दैनिक जीवन में पुस्तकें पढ़ने के लाभ.

लाभ! माझ्या हातात एक कागदही दिला कुणीतरी, बोलायला मुद्दे हवेत म्हणून. वाचल्यानं स्मरणशक्ती वाढते. वाचल्यानं ताण कमी होतो. वाचल्यानं झोप शांत लागते. मी तो कागद वाचला आणि माझं डोकंच सणकलं. माइकपाशी गेले, नमस्कार म्हटलं आणि परत येऊन खुर्चीवर बसले. भाचेसून घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर आहे, चारचौघांत तिची शोभा झाली. पण मी काय बोलणार होते? त्या हॉलमध्ये उभं राहून, वाचनाचा काय फायदा, यावर? तोच प्रश्न त्याच जागी एकदा विचारून झालाय. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि वच्छीकाकूचं बोट धरून दारात उभी होते.

वच्छीकाकू आमच्या शेजारच्या. नात्यानं कुणी नाही, पण आमच्या दोन घरांमधली भिंत नावालाच होती. वाटीभर डाळ, विरजण, सुईदोरा सगळं त्या भिंतीवरून इकडून तिकडे जायचं. काकू मलकापूरच्या, मराठी सातवी पास होऊन लग्नानंतर बुऱ्हाणपूरला आलेल्या. काका कचेरीत होते. काकूंचा आवाज थोडा जाडसर होता, गाण्याला बिलकूल उपयोगाचा नाही, पण वाचायला लागल्या की गल्लीतली कुत्रीसुद्धा बसून ऐकायची असं माझी आई म्हणायची.

चातुर्मासात काकूंकडे पोथी लागायची. दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी झाली, की बायका एकेक करून यायच्या. पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट दिवसभर चालू असायची. इतकी सवयीची की ती दुपारच्या नमाजाच्या बांगेला थांबली म्हणजेच ऐकू यायची. ती थांबली की काकू चौरंग मांडायच्या. चौरंगावर तांबड्या कापडात पोथी, बाजूला हळदीकुंकवाची कोयरी, समोर बायका कोंडाळं करून बसलेल्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर कापूस. त्या वर्षी बऱ्याच जणींनी लाख वातींचा नेम धरला होता. बोटाला थोडं दूध लावायचं, सरकी काढलेला कापूस ओढायचा, वळायचा, टाकायचा. ओला कापूस, दूध, हळद, कुणाच्या तरी पदराला लागलेला फोडणीचा वास, आणि दारातून येणारा केळीच्या ओल्या पानांचा. अजून कुठं देवळात फुलवातीचा पुडा उघडला की मला ती दुपार आठवते, आणि आठवली की मी दर्शनाचं विसरून उभी राहते.

पोथीचा अध्याय असतो केवढासा? तो संपायचा आणि वाती राहायच्या. एक दिवस काकू म्हणाल्या, "अजून ढीगभर कापूस पडला आहे. दुसरं काही वाचू का?" काका वाचनालयाचे सभासद होते, त्यांच्या नावावर पुस्तकं यायची. काकूंनी आतून एक कादंबरी आणली. नाव मी सांगत नाही, सांगून आज कुणाला ओळख पटणारही नाही. दोन भागांची होती. त्यात एक इंदू होती. नवरा परागंदा झालेला, सासरच्यांनी बाहेर काढलेली, कडेवर लेकरू. काकू वाचायला लागल्या आणि वाती वळायच्या थांबल्या. कुणाचे तरी सासरे ओसरीवर खाकरले तशी काकूंनी पटकन पोथीचं कापड त्या पुस्तकावर ओढलं. सासरे पुढं गेले, पण कापड तिथंच राहिलं. त्या दिवसापासून इंदू पोथीच्या कापडातच राहायला लागली.

जिजी नंतर आल्या. जिजी म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी, विधवा, पाठीत वाकलेली, पण गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीचं पाणी त्यांनीच केलेलं. मधले दिवस त्या शाहपूरला बहिणीकडे होत्या. आल्या, बसल्या, तांबडं कापड पाहिलं, आणि कादंबरी उघडायच्या आधी सरळ कोयरी पुढं ओढून त्या पुस्तकावर हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सांगणार कोण? माझ्या आईनं पदर तोंडात कोंबला. पण जिजींनी इतकं मनापासून डोकं टेकलं होतं की हसू आलं तसं गेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच हळदकुंकू वाहिलं. मीही वाहिलं. त्या पुस्तकाच्या पानापानांवर पिवळी बोटं उमटली होती.

शेवटी काकूंनीच सांगितलं. "जिजी, हे पुराण नाही बरं का. कुणीतरी लिहिलेली गोष्ट आहे."

"मग पुराण काय आपोआप उगवलं का व माय?" जिजी म्हणाल्या. "तू पुढं वाच. पोरगी उपाशी आहे का जेवली, ते सांग."

जिजींची एक लेक होती, सुमन. तिला सासरी देऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि सहा महिन्यांपासून तिचा निरोप यायचा थांबला होता. का, कसं, ते मला कुणी सांगितलं नाही. मोठी माणसं त्यावर बोलताना आम्हाला पाणी आणायला पाठवायची. जिजी स्वतः सुमनचं नाव काढत नसत. कुणी विचारलं तर "बरी आहे" म्हणायच्या आणि उठून जायच्या. पण इंदूबद्दल त्या बोलायच्या! हौदावर धुणं धुताना, भाजी निवडताना, तुळशीला पाणी घालताना. "तिला थंडी वाजत असेल व. त्या लेकराला खोकला झाला म्हणत होतीस ना? ओवा शेकून लाव म्हणावं." म्हणावं! जशी काही इंदू मागच्या दारी बसली होती. कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळत होतं, आणि म्हणूनच कुणी हसत नव्हतं.

आता सांगा मला, हा मुद्दा तुमच्या कागदावर कुठं बसतो? ताण कमी होतो म्हणे. अहो, जिजींचा जीव टांगणीला लागला होता! शांत झोप लागते म्हणे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची झोप त्या इंदूनं उडवली होती. पण ज्या बाईला सहा महिने स्वतःच्या लेकीसाठी रडता आलं नव्हतं, ती भर दुपारी सगळ्यांच्या देखत, वाती वळत, घळाघळा रडायची आणि कुणी तिला "काय झालं" म्हणून विचारत नव्हतं. इंदूसाठी रडत होती ना, मग झालं.

पहिला भाग नदीवर संपला. संध्याकाळची वेळ, पाणी चढलेलं, पलीकडच्या तीरावर इंदूच्या मामाचं गाव, आणि नावाडी म्हणतो, मी नाव घालणार नाही. तिथं पान संपलं. काकूंनी पुस्तक मिटलं. तापीचा पूर आम्ही दरवर्षी राजघाटावर उभं राहून बघत होतो. पाणी चढलं म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगायला नको होतं. जिजींनी हातातली वात खाली ठेवली, हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "इंदू सुखरूप पोचू दे. पाच सवाष्णी जेवू घालीन, पुरणावरणाच्या."

कादंबरीतल्या बाईसाठी नवस! पण बोलल्या तशा त्या बोलून चुकल्या. नवस एकदा तोंडातून गेला की गेला.

आणि तिथंच घोळ झाला. जिजींचे धाकटे दीर, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, ते शाळेत मास्तर आणि वाचनालयाचे चिटणीस. जिजी त्यांच्याच घरात राहायच्या. रात्री जेवताना त्या सहज म्हणाल्या, "नाना, गूळ आणि हरभऱ्याची डाळ आणून ठेवा. इंदू पोचली की सवाष्णी घालायच्या आहेत."

"कोण इंदू? कुणाची?"

"आपली इंदू."

नानांनी म्हणे सगळं गणगोत शोधलं. शाहपूरच्या आक्काची नात का, तिचं नाव तर शकू. पलीकडच्यांची सून का. शेवटी जिजींनीच निरागसपणे सांगून टाकलं, "अहो, वच्छीच्या पोथीतली." दुसऱ्या दिवशी दुपारी नाना काकूंच्या ओसरीवर. चपला काढल्या, आत आले, चौरंगावरचं कापड बाजूला केलं. आतल्या पानावर त्यांच्याच वाचनालयाचा शिक्का, आणि त्या शिक्क्यावर हळदीचं बोट.

नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, काकू त्यांना पुरून उरल्या असत्या. त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि "पोथीच्या कापडात?" एवढंच म्हणून निघून गेले. दुसरा भाग वाचनालयाच्या कपाटात होता. काका आणायला गेले तर मिळाला नाही. पुन्हा गेले तर "बाहेर गेलाय" म्हणाले. काका म्हणजे भांडणाच्या वाऱ्याला न उभे राहणारे. "जाऊ दे ना," म्हणाले काकूंना, "गोष्टच तर आहे."

तेच दिवस राज्यांच्या फेरमांडणीचे. मोठी माणसं ओट्यावर बसून नकाशे तोंडानंच काढायची. अकोला, बुलढाणा, मलकापूर तिकडे गेलं. आम्ही इकडे राहिलो. राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली. काकू पोळ्या लाटता लाटता माझ्या आईला म्हणाल्या, "मी जागची हलले नाही आणि माझं माहेर परक्या राज्यात गेलं बघा." आमच्या शाळेत हळूहळू मराठीचे वर्ग रोडावत गेले, फळ्यावर हिंदी आलं. हिंदीशी माझं काही वाकडं नाही हो. भाजीवाल्याशी मी आजही हिंदीतच भांडते, आणि मराठीत भांडले तर तितका जोर येत नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. वाचनालयाच्या बैठकीत ठराव झाला की आता इथं हिंदीच चालायचं, मराठीचं कपाट बंद करावं, जागा अडते. हा ठराव मांडला कुणी? नानांनी! घरी मराठीत जेवायला मागणारे, मराठीत रागावणारे, देवापुढं मराठीत आरती म्हणणारे आमचे नाना. कुणा भोपाळच्या माणसानं येऊन कपाटाला कुलूप लावलं नाही. आमच्याच माणसानं लावलं, आणि वर राज्याचं नाव पुढं केलं.

काकूंना कळलं तेव्हा त्यांनी हातातलं पीठ धुतलं, नेसत्या लुगड्यावर पदर नीट घेतला आणि मला म्हणाल्या, "चल ग माझ्यासंगं." वाचनालयात बायकांनी जाऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. कुणी जात नव्हतं एवढंच. पायऱ्या चढताना मी त्यांचं बोट धरलं. आत बाकांवर माणसं वर्तमानपत्रं वाचत बसलेली. शाईचा, तंबाखूचा, जुन्या कागदाचा वास. काकू दारात उभ्या राहिल्या तशी सगळी वर्तमानपत्रं एकदम उंच झाली. तोंडं दिसेनात.

"नाना, इंदूचा दुसरा भाग द्या. वाचून चार दिवसांत परत करते."

"वहिनी, तुम्ही इथं कशाला आलात? घरी बोलू."

"घरी तुम्ही देत नाही म्हणून इथं आले."

"कपाट बंद झालं आहे. ठराव आहे. आणि मला सांगा, बायकांनी असल्या कादंबऱ्या वाचून संसाराला काय फायदा? पोथी ऐका, चांगलं आहे."

काकूंनी एकवार सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "नाना, दिल्लीत काय झालं ते तुम्ही रोज येऊन वाचता. त्यानं कापसाचा भाव वाढला का? का घरी नळाला पाणी आलं? तरी वाचताच ना? दिल्लीत काय झालं ते तुम्हाला कळायला पाहिजे, आणि इंदूचं काय झालं ते आम्हाला कळायला नको?"

कुणीतरी खोकलं. एक वर्तमानपत्र थोडं खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. तेवढ्या माणसांत एकानं, अहो एकानं तरी म्हणावं, की द्या हो नाना, काय जातंय! मी त्यातल्या प्रत्येकाला ओळखत होते. त्यांच्या घरी मी संक्रांतीचा तिळगूळ वाटायला जात असे. पुढं मी कधी गेले नाही.

काकू खाली उतरल्या. संध्याकाळी त्यांच्या घरून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता तो नेहमीसारखा नव्हता. माझ्या आईनं भिंतीवरून हाक मारली, "वच्छी, पुरे आता, परात फुटंल." पण थापणं थांबलं नाही.

पोथी त्या वर्षी शेवटपर्यंत झाली. समाप्तीला प्रसाद वाटला. पण बायकांचं लक्ष लागेना. जिजी रोज यायच्या, कापूस मांडीवर घ्यायच्या आणि अध्याय संपला की विचारायच्या, "पोचली का व माय?" काकू म्हणायच्या, "पुस्तक मिळालं नाही अजून, जिजी." "बरं. उद्या बघ." हे किती दिवस चाललं ते मला सांगता येणार नाही. थंडी पडली, गावात नवा कापूस यायला लागला, सरकी काढायच्या जीनमधला धुरळा अंगणातल्या वाळवणावर बसायला लागला, तरी जिजी विचारतच होत्या. पुढं एका सकाळी वाचनालयापुढं बैलगाडी उभी होती आणि तिच्यात पोती भरत होते. एका पोत्याच्या तोंडातून पुस्तकांचे कोपरे बाहेर आलेले. गाडी शिकारपुऱ्याच्या अंगाला गेली. कुठं गेली, काय झालं त्यांचं, मी नंतर पुष्कळांना विचारलं. कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि सांगायचं नव्हतं.

हे सगळं मी एकदा माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं होतं. "किती गोड," म्हणाल्या. गोड! नवस, हळदीची बोटं, भोळी म्हातारी, म्हणून गोड. मला आजपर्यंत त्यात काही गोड सापडलेलं नाही. एका बाईला एक गोष्ट अर्ध्यावर सोडायला लावली, तिच्या हातातोंडाशी आलेलं पुस्तक काढून घेतलं, आणि काढून घेणारा माणूस उद्या शाळेत मुलांना वाचनाचं महत्त्व शिकवायला उभा राहिला. त्याचा सत्कारही झाला पुढं. मी लग्न होऊन जळगावला गेले तोवर हॉलमध्ये त्यांचा फोटो लागला होता.

जळगावला मी नोकरी धरली, संसार केला आणि जिथं जिथं जुन्या पुस्तकांचं दुकान दिसेल तिथं तिथं इंदूचा दुसरा भाग विचारला. नवरा म्हणायचा, तुला काय त्याचं एवढं? मी पुढच्या दुकानात शिरत असे. माझे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा एका मोडीत निघालेल्या संग्रहातून तो मिळाला. पाठीचा शिवणीचा दोरा सुटलेला, पण शेवटचं पान शाबूत. त्याच आठवड्यात मी बुऱ्हाणपूरची गाडी पकडली. गाडीत मला धीर धरवला नाही. रावेर यायच्या आत मी शेवटचं पान वाचलं, आणि उरलेली वाट खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसले.

काकू तशाच जाडसर आवाजाच्या, फक्त आता उठताना गुडघ्यावर हात ठेवायच्या. काका गेले होते. मी पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी हातात घेतलं नाही. नुसतं बघितलं.

"मिळालं व तुला?"

"मिळालं, काकू. आत्ता वाचते. बसा तुम्ही."

"कुणाला बोलावू ऐकायला?" त्या म्हणाल्या. "तुझी आई नाही. जिजी नाही."

जिजी गेल्याचं मला आईच्या पत्रातून कळलं होतं, पण कशा गेल्या ते माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलं. शेवटी शेवटी जिजी बिछान्याला खिळल्या होत्या. सुमनचा निरोप कधी आलाच नाही. माणसं ओळखत नव्हत्या, नानांनाही ओळखत नव्हत्या. काकू पेज भरवायला जायच्या. एका दुपारी पेज भरवता भरवता जिजींनी त्यांचं मनगट धरलं आणि विचारलं, "पोचली का व माय ती?"

"मी म्हटलं, पोचली, जिजी. नावाड्यानं नाव घातली. मामा तीरावर उभाच होता. लेकरू बी बरं आहे." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "तर म्हणतात कशा, मग नवस राहिला ना. त्या घरात मी पुरण घातलं, पोरी. पाच सवाष्णी बोलावल्या. नाना बसले होते खुर्चीवर. विचारलं त्यांनी, कशाचं जेवण आहे. मी म्हटलं, इंदू पोचली. खाली मान घातली त्यांनी. जिजी तिसऱ्या दिवशी गेल्या."

मला इतका संताप आला होता की डोळ्यांपुढचं दिसेना. नाना तर केव्हाच वारले होते, आता बोलायचं कुणाला? मी पुस्तक उघडलं. काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि माझ्या हातावर हात ठेवून पुस्तक मिटवलं.

"तू वाचून आली आहेस," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला. आता बोलू नको. नवस फेडून झाला आहे."